मामा निबंध लिहून देतो म्हणतात

प्रश्न : मी परळला राहते, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात निबंध स्पर्धा आहे. विषय, 'जे कायदेशीर ते नैतिक असतेच का?' शब्दमर्यादा पंधराशे. सॉक्रेटिसचा विषाचा पेला आणि गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह लिहून झाला, पण माझा निबंध मलाच कंटाळवाणा वाटतोय. मामा वकील आहेत, ते 'मी लिहून देतो' म्हणतात. नियमांत तशी कुठे मनाई नाही. काय करू?
— एक वाचक

उत्तर : मामांचं आधी उरकते. 'नियमांत मनाई नाही' असं लिहिलंस, आणि स्पर्धेचा विषय त्याच्या दोन ओळी वर आहे. पत्र पुन्हा वाच.

आता निबंध. फोर्टात वकिली करत असताना मी अशा स्पर्धांचे गठ्ठे तपासलेत. सॉक्रेटिस पेला उचलेपर्यंत माझा चहा निवलेला असायचा. त्यात कोण बरोबर हे शाळेतच ठरून गेलेलं, मग लिहिणारा डोकं कशाला चालवेल? तुझं स्वतःचं मन जिथे डळमळतं, ते घे.

मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला शिकवलाच असेल. नोट्समध्ये एकच ओळ असते : उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. मीही तेवढीच पाठ केली होती. पुढचा निकाल नीट वाचला तो सनद मिळाल्यावर.

१९८१ च्या जुलैत, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून गावी धाडायची घोषणा केली. मुंबई पालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देताही अतिक्रमण काढू देतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी निकाल लिहिला : कलम वैध, पण नोटीस सहसा द्यायलाच हवी. मग या लोकांना ती मिळाली नव्हती त्याचं काय? तर तुमचं म्हणणं आम्हीच इथे भरपूर ऐकून घेतलं, आता आयुक्तांनी वेगळं ऐकायची गरज नाही! फुटपाथ सोडायचाच. मुदत मिळाली ती पावसाळा सरून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे हक्क मिळाला आणि जागा गेली. हा निकाल कायदेशीर आहे, यात वाद नाही. न्याय्य आहे का?

घाईने 'नाही' लिहू नकोस. माझी आई दादरला फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही म्हणून रस्त्यावरून चालली आणि स्कूटरचा धक्का लागून पडली. मनगट मोडलं. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत, हेही त्याच निकालात आहे. तो परिच्छेद वाचताना मला आईचं प्लास्टर आठवतं आणि मी पुन्हा कुंपणावर जाऊन बसते.

निकाल सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मामांना कामाला लावायचंच असेल तर त्यांच्याकडून कलम ३१४ समजून घे, त्यांच्याशी तासभर भांड. लिहिणं मात्र तुझं. पंधराशे शब्दांनंतरही मत ठरलं नाही, तर तसं लिही. त्यासाठी मी तरी कधी गुण कापले नाहीत.