नाकवाला ट्रक, पाच पार्टनर आणि तुमची एफडी

दादा, तुमचा मेल दोनदा वाचला, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा त्या निपलच्या किश्श्यासाठी. बाकीच्यांना थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ कोल्हापूरजवळचे, वय ५६, फौंड्रीच्या टूलरूममध्ये आहेत, हातात महिना ६८ हजार येतात आणि ५८ ला रिटायर होणार. पीएफ ३१ लाख, पीपीएफ ९, एफडी ६, घराचं कर्ज फिटलेलं, मुलीचं लग्न बाकी. दर रविवारी पाच मित्र एका भाड्याच्या शेडमध्ये जमतात आणि जुनी मशिनं खोलून बसतात. आता बंद पडलेल्या एका खडी क्रशरच्या आवारात त्यांना १९६७ चा टाटा-मर्सिडीज ट्रक दिसलाय, जुना नाकवाला, म्हणजे बोनेट पुढे आलेला. मालक वारलेत, मुलं सव्वादोन लाख म्हणतायत, दुरुस्तीचा अंदाज साडेसात लाख, म्हणजे प्रत्येकी १ लाख ९५ हजार. प्रश्न असा की एफडी मोडू का बायकोचं सोनं ठेवून कर्ज काढू.

दोन्ही नको. पण ट्रक घेऊ नका असंही मी म्हणणार नाहीये, म्हणून पुढचं नीट वाचा.

आधी तुमच्या बँकवाल्या मित्राचं ते वाक्य बाजूला ठेवू, "पाच वर्षांनी पंधरा लाखाला जाईल". कोणाला जाईल? जुनी कार घेणारे हौशी पुण्या-मुंबईत सापडतात, जावा-येझदीला तर गिऱ्हाईक आहेच, पण ट्रक ठेवायलाच एवढी जागा लागते की घेणारा हाताच्या बोटावर मोजण्याइतका. तुमच्या गाडीची किंमत हौशी माणसाच्या डोळ्यात आहे हे खरं, टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, मर्सिडीजवाल्या डायमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा, त्यानंतर बोनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटाचा टी आला, म्हणजे तुमची ताऱ्यावाली आहे आणि तारा अजून जागेवर आहे म्हणताय. मस्त. पण ताऱ्यावर व्याज मिळत नाही. आणि चित्रनगरीत शूटिंगला भाड्याने देऊ हा जो दुसरा प्लॅन आहे तो तर मुळातच लंगडा आहे, कारण २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले त्यात साफ लिहिलंय की अशी गाडी रॅली, प्रदर्शन, मेंटेनन्स, डिझेल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर, व्यावसायिक वापर नाही.

त्याच नियमात अजून एक खुट्टी आहे आणि ती तुम्ही कोणीच बघितलेली दिसत नाही. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, हे ठीक, पण खासगी, बिगरव्यावसायिक वापराची. तुमचा ट्रक आयुष्यभर ट्रान्सपोर्ट गाडी म्हणून नोंदलेला. तर तो यात बसतो का, बसवायला काय करावं लागेल, हे आरटीओला लेखी विचारा, एजंटाला चहावर नाही. बसला तर नव्या नोंदणीला २० हजार, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार, ते काही जड नाही. शिवाय चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार चालत नाही, म्हणजे दुसऱ्या गाडीचं नवं इंजिन बसवायचा जो विचार चाललाय तो सोडा.

कागदांचं मी एवढं का ताणतोय ते सांगतो. मी अठ्ठाविशीत दोन मित्रांबरोबर एक जुनी जीप घेतली होती. पैसे दिले, जीप दारात आली, आणि मग कळलं की आरसी अजून वारलेल्या माणसाच्या नावावर आहे आणि तीन वारसांपैकी एक सही करायला तयार नाही. जीप चार वर्षं उभी राहिली, उंदरांनी वायरिंग खाल्लं, आणि गिअरबॉक्सचे चौदा हजार नक्की कोणी दिले होते यावरून आम्ही तिघं वर्षभर बोलत नव्हतो. तुमच्या केसमध्येही मालक वारलेत. आधी मुलांनी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मग २९ आणि ३० भरून तुमच्याकडे. जुना फायनान्सचा बोजा, थकलेला टॅक्स, सगळं त्यांनी मोकळं करून द्यायचं. सव्वादोन लाखात हेही धरलंय का विचारा.

आता आकडे. साडेसात लाखाच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, तुमच्यावर आहे पण अंदाजावर नाही. इंजिनचा ब्लॉक खोलल्याशिवाय सिलिंडरचा बोअर किती झिजलाय, क्रँक ग्राइंडिंगला पुरेल का, काहीच कळत नाही, आणि केबिन लाकडी फ्रेमवर पत्रा मारलेली आहे म्हणता, म्हणजे सुतार वेगळा. मी दीडपट धरतो, सव्वाअकरा. अधिक खरेदी, साडेतेरा. पाचात २ लाख ७०. एकजण मधेच गळाला, आणि एकजण गळतोच, तर चौघांत ३ लाख ३७ हजार. हा तुमचा खरा आकडा, १ लाख ९५ नाही. वर शेडभाडं सहा हजार, तुमच्या वाटणीला बाराशे, वर्षाला १४,४०० आणि दहा वर्षात १ लाख ४४ हजार. ट्रक दुरुस्त झाला म्हणून भाडं थांबत नाही ना.

रिटायर झाल्यावर हेच तीन लाख सीनिअर सिटिझन स्कीममध्ये टाकले तर सध्याच्या ८.२ टक्क्याने तिमाहीला ६,१५० रुपये येतात. (५८ ला रिटायर झालात तरी खातं उघडता येतं, पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, हे लक्षात ठेवा.) आणि कंपनीची मेडिक्लेम रिटायरमेंटबरोबर जाणार, तुम्हाला शुगर आहे, म्हणजे स्वतःची पॉलिसी आत्ताच काढायला हवी, ट्रकच्याही आधी. एफडीतले चार लाख लग्नाचे, त्याला हात नाही. सोन्याबद्दल तर वहिनींनीच उत्तर दिलं असेल.

मग पैसे कुठून? खरेदीचा तुमचा वाटा ४५ हजार, तो एफडीतल्या उरलेल्या दोन लाखातून. बाकी सगळं पगारातून, महिना ९ हजार, रिटायर होईपर्यंत २४ महिने, २ लाख १६ हजार. एकूण २ लाख ६१. एखाद्या महिन्यात पैसे संपले तर काम थांबलं, पुढच्या महिन्यात बघू, ट्रक इतकी वर्षं क्रशरवर उभा होता, अजून चार रविवार उभा राहील. टायर शेवटी घ्या, सहा आणि एक स्टेपनी असे सात नग आहेत, मागे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, चालतील पण पुढच्या दोनाला नवेच, तिथे कंजुषी नको.

आणि हा खर्च आहे असं वहीत लिहा. गुंतवणूक नाही. मला हे पैसे वाया चाललेत असं का वाटत नाही ते तुमच्या मेलमध्येच आहे. तुम्ही लिहिलंय, गेल्या वर्षी ते विहिरीवरचं जुनं किर्लोस्कर इंजिन खोललं, सगळे मिळून २२ हजार गेले, पंपाचं पितळी निपल हातातून सुटून भुशात पडलं आणि एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेला, साखर कारखान्याचा फिटर, पेंटर, बँकवाला आणि तुम्ही, पाच म्हातारे मोबाईलचा टॉर्च लावून तासभर गुडघ्यावर, चहा गार. शेवटी ते पेंटरच्या पँटच्या फोल्डमध्ये सापडलं. आणि संध्याकाळी हँडल मारल्यावर इंजिन पकडलं तेव्हा एसटीवाले, ज्यांची मिसेस दोन महिन्यांपूर्वी गेली होती, ते पहिल्यांदा हसले. यासाठी महिना ९ हजार मला पटतात. माझे काही क्लायंट रिटायर होऊन दुपारभर शेअरचा भाव बघत बसतात, त्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

म्हणूनच पाचशेच्या स्टँप पेपरवर पाचांच्या सह्या घ्या, दोस्तीत कागद कशाला म्हणू नका. आरसीवर नाव एकाचंच लागणार, उद्या धडक झाली तर नोटीस त्याला येणार, म्हणून थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय गेटबाहेर चाक नाही. कोणी सोडून गेला तर त्याला भरलेल्या पैशातलं किती आणि कधी परत, कोणी गेलं तर वारसाला काय, दहा हजाराच्या वरचा खर्च किती जणांच्या होकाराने, एवढं लिहा. हिशेब बँकवाल्याकडे राहू दे, फक्त भावाचे अंदाज त्याच्याकडून घेऊ नका.

आरटीओचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा. तोवर त्या मुलांना टोकन म्हणून अकरा हजारसुद्धा देऊ नका, फार तर ताऱ्यावर एखादं पोतं बांधून या.