आवाज येतो, शब्द कळत नाही: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सासरे ७४ वर्षांचे आहेत. घरी समोर बसून बोललं की सगळं कळतं, लग्नाच्या हॉलमध्ये मात्र भलतीच उत्तरं देतात. मुद्दाम करतात का?

मुळीच नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण २००० हर्ट्झच्या वरचे. स, श, त, थ यांची ओळख पटते ती याच पट्टीत. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून आवाज पोचतो, शब्द पुसट राहतो. ती जागा मेंदू संदर्भावरून भरतो, आणि यात वयस्कर माणसं तरुणांना हार जात नाहीत. ‘पाऊस आलाय, छत्री घे’ मधली छत्री गोंगाटातही कळते. ‘ती छत्री म्हणाली’ इथे आधारच नाही. हॉलमध्ये चौघं एकदम बोलतात, विषय सारखा बदलतो. एका वाक्याची जुळवाजुळव होईतो पुढचं निघून जातं.

आई चुकीचं ऐकते, वर ‘तू हेच म्हणालीस’ म्हणून ठाम राहते.

तिला तसंच ऐकू आलेलं असतं. ‘भाजीत जरा पीठ घाल’ म्हटलं, तर भाजीत नेहमी पडतं ते ‘मीठ’ कानावर येतं आणि भाजी खारट होते. अशी खात्रीपूर्वक चूक उतारवयात जास्त होते. वाद घालू नका, शब्दाला जोड द्या: ‘बेसनाचं पीठ’.

आकड्यांना तर जोडही नसते. सात की साठ, हे वाक्यावरून ठरत नाही. औषधाची वेळ आणि गोळ्यांची संख्या ठळक अक्षरात लिहून द्या. ‘कळलं ना?’ विचारलं की ‘हो’च येतं, ‘किती वाजता घ्यायची?’ असं विचारा.

ओरडून बोललं तर?

ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तितकी वाढत नाहीत. त्यापेक्षा जवळ जा: मोकळ्या जागेत दोन मीटरवरून एक मीटरवर आलात की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. टीव्ही बंद, उजेड तुमच्या चेहऱ्यावर. आधी हाक, मग विषय: ‘बाबा, लाइटबिलाचं सांगतेय.’ मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि तिथेच आपला आवाज खाली जातो. ‘उद्या डॉक्टरकडे जायचं नाही’ मधला ‘नाही’ गळला की माणूस तयार होऊन बसतो. शेवटचा शब्द स्पष्ट म्हणा. कळलं नाही तर तेच घोकू नका, शब्द बदला.

सहा वर्षांचा नातू वर्गात गोंधळतो. कान तपासले, ठीक आहेत.

संदर्भाने शब्द भरायला शब्दांचा साठा लागतो, तो त्याच्याकडे अजून थोडा आहे. त्यामुळे त्याला मोठ्यांपेक्षा जास्त शांतता लागते. पंखा आणि खिडकीपासून दूर, बाईंजवळच्या बाकावर बसवायला सांगा.