वाचक विचारतात: निसीम म्हणजे आपलं निस्सीम का?

प्रश्न: आम्ही ठाण्यात राहतो, शेजारी एक बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब आहे, खूप जुनी ओळख. त्यांच्याकडे नुकताच नातू झाला आणि नाव ठेवलं निसीम. सासूबाई म्हणतात हा तर आपलाच शब्द, निस्सीम भक्ती म्हणतो ना त्यातला. मिस्टर म्हणतात छे, ते नसीम असणार, उर्दूतलं. काकूंना थेट विचारायला संकोच वाटतो. अर्थ काय, नाव आलं कुठून आणि हल्ली कोणी ठेवतं का? मला स्वतःला इतकं आवडलंय की डिसेंबरमध्ये आमच्याकडे मुलगा झाला तर हेच ठेवावं असं मनात येतंय. चालेल का?

उत्तर: ताई, आधी घरातला वाद मिटवू. तिन्ही शब्द वेगळे आहेत, एकमेकांशी काही नातं नाही. सासूबाईंचा निस्सीम संस्कृत, ज्याला सीमा नाही तो. मिस्टरांचा नसीम अरबीतून फारसी-उर्दूत आलेला, मंद वाऱ्याची झुळूक. आणि तुमच्या शेजारच्या बाळाचं नाव हिब्रू, 'नेस' म्हणजे चमत्कार आणि त्याचं अनेकवचन निसीम. पण सासूबाईंचा समज होणं अगदी साहजिक आहे, कारण मराठी पेपरवाले सुद्धा कवी निसीम इझिकेल यांचं नाव बऱ्याचदा 'निस्सीम' असंच छापतात, मग वाचणाऱ्याला आपलाच शब्द वाटणार ना.

एका बाळाला अनेकवचनी नाव कसं, असं वाटलं असेल तर हिब्रूत ही पद्धत जुनी आहे. शेवटी 'ईम' लागलं की बहुधा पुल्लिंगी अनेकवचन. हाईम म्हणजे आयुष्य, रहमीम म्हणजे दया, दोन्ही शब्द रूपाने अनेकवचनी आणि दोन्ही नावं बेने इस्राईल घरांतून चालत आलेली. त्यांच्या समाजाचा इतिहास लिहिणारे केहिमकर हाईमच होते, आणि मुंबईत मांडवीला 1796 मध्ये बांधलेलं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे त्याचं नाव शआर हारहमीम, दयेचं दार. कोकणात पूर्वी हीच नावं मराठी वळणाने घेतली जायची, रहमीमचा रहमाजी, सॅम्युएलचा समाजी, आणि आडनाव गावावरून, पेणकर, नवगावकर, केहिमकर. मला हा सगळा प्रकार फार लोभस वाटतो, नाव जेरुसलेमकडचं आणि हाक अलिबागकडची.

आता उगम. बायबलमध्ये डेव्हिड, सॅम्युएल, इझिकेल सगळे भेटतात पण निसीम नावाचा माणूस एकही नाही. शब्द मात्र आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ध्वज किंवा खूण म्हणून उभारलेला खांब. वाळवंटात ज्यूंचा प्रेषित मोशे पितळेचा साप ज्या खांबावर चढवतो तो नेस, आणि अमालेकी लोकांशी लढाई जिंकल्यावर जी वेदी बांधतो तिच्या नावातही तोच शब्द, 'परमेश्वर माझा झेंडा' अशा अर्थाने. लांबूनही दिसेल अशी खूण, त्यावरून पुढच्या काळात देवाने दाखवलेली खूण म्हणजे चमत्कार हा अर्थ रुळला आणि आजच्या हिब्रूत सर्रास तोच चालतो.

तुमचं बाळ डिसेंबरचं म्हणताय म्हणून हे खास सांगते. हनुक्का हा त्यांचा दिव्यांचा सण बहुतेक वेळा डिसेंबरातच येतो, आठ दिवस रोज एक दिवा वाढवत जायचा. जेरुसलेमचं मंदिर परत ताब्यात आलं तेव्हा एका दिवसापुरतं शुद्ध तेल मिळालं आणि ते आठ दिवस पुरलं अशी कथा आहे. त्या दिवसांत आणि पुरीमच्या सणाला 'अल हानिसीम' नावाची प्रार्थना म्हणतात, म्हणजे चमत्कारांबद्दल आभार. मुलं चार बाजूंचा छोटा भोवरा फिरवतात, प्रत्येक बाजूवर एक हिब्रू अक्षर, त्यातलं पहिलं 'नून' म्हणजे नेस. चार अक्षरं मिळून वाक्य होतं, 'तिथे मोठा चमत्कार झाला'. इस्रायलमध्ये विकत मिळणाऱ्या भोवऱ्यावर शेवटचं अक्षर बदलून 'इथे' केलेलं असतं! तर हनुक्काच्या आसपास जन्मलेल्या, किंवा अवघड बाळंतपणातून, आजारातून वाचलेल्या मुलाला हे नाव ठेवतात. त्यामुळे काकूंना विचाराच, लाजू नका, त्या नावामागे घरातली एखादी गोष्ट असू शकते आणि ती सांगायला त्यांना आवडेल. कदाचित मलिद्याच्या ताटासमोर बसूनच ऐकायला मिळेल, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करतात तो.

हल्ली ठेवतात का, तर कमी. नाव मुख्यतः इराक, तुर्कस्तान, सीरिया, मोरोक्को इकडच्या ज्यूंचं, युरोपच्या अश्केनाझी घरांत क्वचित. इस्रायलमध्ये आज निसीम म्हटलं की आजोबांच्या वयाचा माणूस डोळ्यासमोर येतो, नव्या ज्यू आईबापांना एरिएल, लावी, नोआम अशी नावं आवडतात. तरी टिकलंय याचं एक कारण म्हणजे त्या बाजूच्या ज्यूंमध्ये आपल्यासारखंच आजोबांचं नाव नातवाला देतात, आजोबा हयात असले तरीही. पॅरिसमध्ये निसीम द कामोंदो नावाचं म्युझियम आहे, इस्तंबूलहून गेलेल्या सावकार घराण्याचं. मुलाला आजोबांचं निसीम हे नाव दिलं, तो पहिल्या महायुद्धात 1917 ला विमानातून लढताना गेला, म्हणून वडिलांनी पुढे आख्खं घर आतल्या वस्तूंसकट त्याच्या नावाने फ्रान्सला देऊन टाकलं.

आपल्याकडे सगळ्यात ओळखीचे अर्थात निसीम इझिकेल, 1924 ला मुंबईत जन्मलेले, इंग्रजीत लिहिणारे, 1983 चं साहित्य अकादमी मिळालेले. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंग्रजीत नेल्या, त्यासाठी तरी मराठी वाचकाने हे नाव प्रेमाने लक्षात ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही ठेवावं का? खुशाल ठेवा, नावावर कोणाचा पहारा नसतो. फक्त शाळेत, ऑफिसात अर्थ विचारला की 'चमत्कार' सांगा आणि हिब्रू आहे हेही सांगा, नाहीतर लोक निस्सीम समजूनच चालतील. आणि जन्मदाखल्यावर मराठीत 'निसीम' असा एकच स लिहा, रोमन लिपीत मात्र दोन एस लावायची रूढी आहे. पहिल्या कागदावर जे लिहाल तेच आधार, पासपोर्ट सगळीकडे ठेवा, नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.