लॅपटॉपची जुनी आयडीई डिस्क डेस्कटॉपला जोडताना

वडिलांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ४० जीबीची डिस्क घरच्या जुन्या डेस्कटॉपला लावायचीय, तिच्यात घरचे फोटो आहेत आणि केबल बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. जोर लावू नका. ती केबल त्या डिस्कची नाहीच.

तुमची डिस्क आयडीई, म्हणजे जुन्या रुंद पट्टीच्या केबलची आहे. साटा, म्हणजे नंतरच्या अरुंद केबलची डिस्क असती तर काम दोन मिनिटांचं होतं, कारण लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हीकडे साटाची डेटा आणि पॉवरची तोंडं सारखीच असतात. आयडीईचं तसं नाही. डेस्कटॉपच्या डिस्कला ४० पिना असतात, लॅपटॉपच्या डिस्कला ४४, आणि त्याही जास्त दाट. शेवटच्या चार पिनांत, म्हणजे ४१ ते ४४ मध्ये, विजेच्या पिना असतात. पॉवरसाठी वेगळं तोंड नसतं. म्हणून ४४ पिनांची डिस्क ४० पिनांच्या केबलला जोडणारा अडॅप्टर घ्या. त्याच्या लाल-काळ्या वायरी एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरला जोडायच्या. लाल वायर ५ व्होल्टची. ही डिस्क तेवढ्यावरच चालते.

आता नीट बघा. डिस्कच्या टोकाला पिनांऐवजी चपटी खाच दिसत असेल, तर ती लॅपटॉपवाल्यांनी चढवलेली टोपी आहे. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलत सरळ काढा, आत पिना सापडतील. पिनांच्या एका टोकाला थोडी जागा सोडून आणखी चार पिना दिसतील. त्या जंपरच्या, म्हणजे दोन पिना जोडून डिस्कची सेटिंग ठरवणाऱ्या चिमुकल्या क्लिपच्या. अडॅप्टर त्यांच्यावर चढवायचा नाही. एक नंबरची पिन त्यांच्याच बाजूला असते, आणि वीज बरोबर दुसऱ्या टोकाला. अडॅप्टर उलटा बसला किंवा एक घर सरकला, तर ५ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात. माझ्या हातून एका मित्राची डिस्क अशीच गेली. दिवा अंधुक होता, मी घाईत होतो, आणि त्याच्या मुलीचे लहानपणचे फोटो परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, टॉर्च लावून पिना मोजा, मगच वीज द्या.

त्या केबलवर दुसरं काही नसेल तर जंपर लावू नका. बहुतेक डिस्क तशाच मास्टर, म्हणजे केबलवरची पहिली डिस्क, म्हणून चालतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बूट (मशीनची सुरुवात) डेस्कटॉपच्या डिस्कवरूनच ठेवा. लॅपटॉपचं विंडोज दुसऱ्या मशीनवर बहुतेक वेळा अडकतं, आणि तुम्हाला तर फोटोच हवेत. डिस्कमधून टकटक आवाज आला तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

कॉपी होईपर्यंत डिस्क कॅबिनेटशेजारी कोरड्या पुठ्ठ्यावर सपाट ठेवा आणि हलवू नका. फोटो दोन ठिकाणी उतरले की मग कायमची बसवायची. त्यासाठी अडीच इंचाची लॅपटॉप डिस्क साडेतीन इंचाच्या जागेत बसवणारी पत्र्याची ब्रॅकेट मिळते. डिस्कला एम३ चे आखूड स्क्रू लागतात. डेस्कटॉपच्या डिस्कचे जाड स्क्रू तिच्यात पिळू नका, आटे जातात.