वाडा तुम्ही विकताय आणि चिडलात लेकीवर

वाईहून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, मार्क चांगले, तिला आर्किटेक्ट व्हायचंय आणि तेही जुन्या इमारती जपणारी, कॉन्झर्वेशनवाली. बाबांना हवंय तिने कम्प्युटरला जावं. "पडक्या भिंतींची डागडुजी करून पोट भरतं का, तुम्हीच समजवा तिला." आणि मग शेवटी, जाता जाता, की राहता वाडा डेव्हलपरला द्यायचं चाललंय आणि ही कॉलेजातून आली की टेप घेऊन खण मोजत बसते, म्हणून टेप कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

दादा, ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. वाडा द्यायचा की नाही हा तुमचा प्रश्न, चार वाटेकरी, गळकं छप्पर, दरवर्षी कौलं परतायचा खर्च, सगळं कळतं मला आणि त्यात मी पडणार नाही. पण पोरगी या लाइनला गेली तर सह्यांच्या दिवशी आडवी येईल ही भीती आहे तुम्हाला, बरोबर ना? मग ते तसं बोला ना तिच्याशी. तिच्या करिअरवर कशाला काढताय? कम्प्युटरचं नाव पुढे करून घरातलं भांडण मिटत नसतं, आणि मार्कांचा तर यात काही संबंधच नाही.

आता पोटाचं. तुम्हाला वाटतंय की हे काम म्हणजे पुरातत्त्व खात्याची नोकरी, आणि तिथे जागा निघतात कुठे. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. अहो, कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट हा आधी रीतसर रजिस्टर्ड आर्किटेक्ट असतो, आणि त्याला काम देणारे बहुतेक वेळा ट्रस्ट, बँका, चर्च, रेल्वे, महापालिका नाहीतर सरळ खासगी मालक. मुंबईत १९९५ साली हेरिटेज नियम आले, तेव्हापासून यादीतल्या इमारतीत मनाला येईल तशी तोडफोड करता येत नाही, मग मालकाला जाणकार माणूस लागतोच. रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं होतं, ते गोंडलच्या राजघराण्याचं, म्हणजे खासगीच. दुरुस्त होऊन २०१६ ला परत सुरू झालं. भायखळा स्टेशनच्या कामाला तर २०२२ मध्ये युनेस्कोचं अवॉर्ड मिळालं. हां, सुरुवातीची चारपाच वर्षं पगार बेताचाच असतो, तुमच्या भाच्याच्या आयटीतल्या आकड्याशी तुलना कराल तर रडू येईल. आणि साध्या बिल्डिंगची कामंही करायची तयारी हवी.

डागडुजी म्हणालात म्हणून सांगते. तुम्हीच लिहिलंय की माजघराच्या भिंतीला दोनदा सिमेंटचा गिलावा केला तरी पोपडे येतात. येणारच! ती भिंत चुन्यातली. जमिनीतून ओल वर चढते आणि चुन्यातून वाळून बाहेर जाते, वरून सिमेंट थापलं की तिची वाटच बंद, मग लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेला क्षार, आतच साठतो आणि गिलाव्यासकट वीट फोडून बाहेर येतो. गवंड्याने पैसे घेतले दोनदा, भिंत आहे तिथेच. हे ओळखणारा माणूस म्हणजे तुमची लेक होऊ बघतेय तो.

रस्ता सरळ आहे: फिजिक्स-मॅथ्ससह बारावी, नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर, पाच वर्षं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, मग दिल्ली किंवा भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) नाहीतर अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ इथे कॉन्झर्वेशनमध्ये दोन वर्षं मास्टर्स.

पण फॉर्म भरायच्या आधी एक करा. वाडा पडायचाच असेल तर पडण्याआधी तिला तो पूर्ण मोजू दे, प्रत्येक खण, तुळया, कडीपाट, जिन्याच्या पायऱ्या, सगळं कागदावर आणि फोटोत. सुट्टीतले पंधरा दिवस धुळीत काढून कंटाळली तर तुमचंच काम झालं. नाही कंटाळली तर मला परत पत्र लिहा, मग फीचं बोलू. टेप मात्र आजच द्या तिला.