ऑटोमेशन न येता, हाताने तपासून बग सापडतात का?

बी.एस्सी. झालंय, कोडिंग फारसं येत नाही, सॉफ्टवेअरमधले बग, म्हणजे चुका, नुसत्या मॅन्युअल टेस्टिंगने (आपोआप तपासणारे प्रोग्रॅम, म्हणजे ऑटोमेशन, न वापरता) सापडतील का, असं तुम्ही विचारलंय. सापडतात. मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये सहा वर्षं हेच करतेय.

फॉर्ममध्ये वय १८ ते ६० चालत असेल तर १७, १८, ६० आणि ६१ टाकून बघा, असं कुठल्याही क्लासमध्ये शिकवतात. ते कराच, काठावरच्या चुका खूप निघतात.

पण मला सापडलेला सगळ्यात महत्त्वाचा बग वेगळाच होता. दवाखान्यांच्या एका ॲपमध्ये रुग्णाचं नाव मराठीत लिहायची सोय होती. आम्ही सगळे 'अमित', 'सीमा' असली सोपी नावं टाकत होतो. एकदा मी 'कऱ्हाडे' टाकलं. कॉम्प्युटरवर नोंद झाली, मोबाइलवरून शोधलं तर रुग्ण सापडेचना. दिसायला दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. मग एकेक अक्षर टाकत गेले. 'क' टाकलं की नाव येई, 'कऱ' झालं की यादी रिकामी! युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या आकड्यांनी अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तर सबंध 'ऱ', नाहीतर साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. दोन कीबोर्ड दोन तऱ्हांनी लिहीत होते. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणले आणि काम झालं. हे तसंच दवाखान्यात गेलं असतं तर एकाच माणसाची दोन कार्डं निघाली असती, आणि औषधाच्या ॲलर्जीची नोंद जुन्या कार्डावर राहिली असती. आज ते नाव आमच्या ऑटोमेशनमध्ये आहे, दर रिलीजला आपोआप तपासलं जातं. पण ते आधी कुणालातरी सुचावं लागलं.

म्हणून आपल्या माणसांची नावं, पत्ते, सवयी घेऊन बसा. पैसे भरताना मध्येच नेट बंद करा. मराठी एसएमएस ७० अक्षरांपुढे गेला की त्याचे तुकडे होतात, कानामात्राही त्यात मोजल्या जातात, तेही बघा. थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकाच, म्हणजे नोंद खरोखर कशी साठली ते कळेल.

आणि 'सर्च चालत नाही' एवढंच लिहून बग पाठवू नका. फोन, ॲपची आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, सगळं लिहा. 'कऱ्हाडे'चा बग पहिल्यांदा 'आमच्याकडे होत नाही' म्हणून परत आला होता. मी कीबोर्ड कोणता ते लिहिलं नव्हतं.