गरोदरपणात टीडी, टीडॅप आणि फ्लूची लस घेणे सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिले आहे की पत्नीला सहावा महिना सरत आला आहे, गावच्या उपकेंद्रात टीडीचे (धनुर्वात व घटसर्पावरील लसीचे) पहिले इंजेक्शन झाले आहे आणि शहरातल्या डॉक्टरांनी टीडॅप (टीडीच्या जोडीला डांग्या खोकल्याची लस) व फ्लू या आणखी दोन लसी लिहून दिल्या आहेत. घरातली मोठी माणसे मात्र म्हणतात की पोटुशी बाईला इतकी इंजेक्शने टोचू नयेत. या लसी बाळाला बाधतात का आणि त्यांचा खरोखर उपयोग होतो का, असा तुमचा प्रश्न आहे. मी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ असून तालुक्याच्या गावी बरीच वर्षे बाळंतपणे करत आहे. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही लसी घ्याव्यात. टीडीनंतर चार आठवडे उलटले असतील तर दुसऱ्या टीडीऐवजी टीडॅप चालते, त्यामुळे इंजेक्शन एकाने कमीच होईल.

टीडीपासून सुरुवात करते, कारण गरोदरपणातील लसीचा उपयोग होतो की नाही याचे सर्वांत मोठे उत्तर याच लसीने दिलेले आहे. शिकाऊ डॉक्टर असताना मी नवजात बाळाचा धनुर्वात पाहिला आहे. जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळ छान अंगावर पीत होते. आठवडा होत आला तेव्हा त्याने स्तन तोंडात धरणे सोडले, जबडा घट्ट मिटला, आणि नुसता दरवाजा वाजला किंवा कोणी हात लावला तरी ते धनुष्यासारखे ताठ होऊ लागले. नाळ अस्वच्छ पात्याने कापली किंवा बेंबीवर राख-शेण लावले की हा जंतू शरीरात शिरतो. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे या आजाराने दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता आणि त्यांत भारताचा वाटा फार मोठा होता. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाच्या खाली आले. दवाखान्यातली स्वच्छ बाळंतपणे आणि आईला दिलेले इंजेक्शन या दोहोंचे हे फळ आहे. हा जंतू माती आणि शेणात कायम राहतो, तो माणसाकडून माणसाला लागत नाही. त्यामुळे शेजारणीने लस घेतली म्हणून आपले बाळ वाचत नाही, ज्या त्या आईलाच ती घ्यावी लागते. पूर्वी याच जागी टीटी, म्हणजे फक्त धनुर्वाताचे इंजेक्शन, दिले जाई, आता टीडीमुळे घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. आधीच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर सरकारी कार्यक्रमात एकच बूस्टर पुरते.

आता बाळाला ही लस बाधते का, याविषयी. टीडी, टीडॅप आणि टोचून दिली जाणारी फ्लूची लस, या तिन्हींमध्ये जिवंत जंतू नसतो, त्यामुळे त्यांपासून आईला किंवा बाळाला तो आजार होऊच शकत नाही. लस टोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत आईच्या रक्तात प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारे घटक, अँटीबॉडीज) तयार होतात आणि वार (प्लॅसेंटा) ती बाळाकडे पोहोचवते. हे काम शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जोरात चालते, इतके की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात काही प्रतिपिंडे आईपेक्षाही जास्त आढळतात. टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देण्यामागे हेच कारण आहे, आणि तुमच्या पत्नीची ती वेळ आता आलीच आहे.

टीडॅपमध्ये टीडीच्या जोडीला डांग्या खोकल्याची लस असते. बाळाला स्वतःची पेंटाव्हॅलंट लस (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची) दीड महिन्याला सुरू होते आणि साडेतीन महिन्यांपर्यंत तिचे तीन डोस होतात. त्याआधी डांग्या खोकला झाला तर तान्हे बाळ मोठ्या मुलासारखे ढास लागून खोकतेच असे नाही, ते श्वास घ्यायचे थांबते आणि निळे पडते. इंग्लंडमध्ये २०१२ साली या आजाराची मोठी साथ येऊन १४ तान्ही बाळे दगावली, तेव्हा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथे सर्व गरोदर स्त्रियांना ही लस देणे सुरू झाले. त्यानंतरच्या पाहणीत तीन महिन्यांखालील बाळांमध्ये तिची परिणामकारकता सुमारे ९१ टक्के आढळली. तिथेच लस घेतलेल्या २० हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि मृतजन्माचे किंवा बाळंतपणातील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. आईच्या अंगची ही प्रतिपिंडे लवकर ओसरतात, म्हणून प्रत्येक गरोदरपणात टीडॅप नव्याने घ्यावी लागते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात टीडी मोफत मिळते, टीडॅपला मात्र खासगीत पैसे मोजावे लागतात. ते परवडत नसतील तर टीडीचा दुसरा डोस कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका, खोकणाऱ्या माणसाला बाळाजवळ येऊ देऊ नका आणि दीड महिन्याची लस एक दिवसही पुढे ढकलू नका.

फ्लूच्या लसीबाबत लोक सर्वांत जास्त टाळाटाळ करतात, आणि मला याचे फार वाईट वाटते. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हाची भीती महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या साथीत जगभर दिसले की गरोदर स्त्रिया इतरांपेक्षा जास्त अत्यवस्थ होतात. वाढलेल्या गर्भाशयामुळे छातीतली जागा कमी पडते, हृदयावर आधीच ताण असतो आणि प्रतिकारशक्तीतही बदल झालेले असतात, त्यामुळे साधा वाटणारा ताप पाहता पाहता न्यूमोनियापर्यंत जातो. या लसीचा गुण दरवर्षी सारखा येत नाही, कारण विषाणू बदलत राहतो, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही बांगलादेशात ३४० गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, म्हणून आईकडून मिळेल तेवढेच त्याचे संरक्षण. ही लस कोणत्याही महिन्यात चालते, फक्त नाकात फवारायची जिवंत लस घ्यायची नाही. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने गरोदर स्त्रियांसाठी ती मोफत उपलब्ध केलेली आहे, त्यामुळे आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा आहे का, ते आधी विचारा.

घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी अगदीच निराधार नाही, त्यांना तसे म्हणूही नका. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर आणि कांजिण्यांची लस, गरोदरपणात देत नाहीत. दिवस राहिल्याचे ठाऊक नसताना अशी लस घेतली गेली तरी केवळ त्या कारणाने गर्भपात करू नये, एवढे मात्र लक्षात असू द्या. दुसरे म्हणजे, पहिल्या तिमाहीतील गर्भपात मुळातच बऱ्याच स्त्रियांच्या वाट्याला येतो, आणि त्याआधी एखादे इंजेक्शन झाले असेल तर सारा दोष त्यावर जातो. प्रत्यक्षात दिसणारे त्रास म्हणजे दंड दुखणे, थोडी सूज, एखाद-दोन दिवस कणकण. ताप आला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे, अंगावर काढू नये. तीव्र ॲलर्जी अतिशय क्वचित होते, पण झाली तर बहुधा काही मिनिटांतच होते, म्हणून लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसून राहावे. पूर्वी कुठल्या लसीची जोरदार ॲलर्जी झालेली असेल तर टोचण्याआधीच सांगावे.

टीडॅप व फ्लू एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत दिल्या तरी चालतात. खासगीत घेतलेल्या लसीची तारीखही माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या, नाहीतर उपकेंद्रातल्या नर्सताई टीडी राहिले असे समजून पुन्हा टोचतील. आणि पत्नीने रुबेलाची लस कधी घेतलेली नसेल, तर बाळंतपणानंतर घरी सोडण्याआधी एमएमआर मागून घ्या. अंगावर पाजत असतानाही ती देता येते, आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहणार नाहीत एवढी काळजी घेतली की झाले.